चारशे मतांचा आमदार

१४ डिसेंबर २०२१ रोजी विधान परिषदेच्या नागपूर स्थानिक प्राधिकारी मतदारसंघाची मतमोजणी झाली. भारतीय जनता पक्षाचे चंद्रशेखर बावनकुळे यांना ३६२ मते मिळाली, काँग्रेसने पाठिंबा दिलेले अपक्ष मंगेश देशमुख यांना १८६, आणि ज्यांना काँग्रेसने अधिकृत उमेदवारी दिली होती त्या छोटू भोयर यांना एक. भोयर मूळचे भाजपचे नगरसेवक. निवडणुकीच्या तोंडावर ते काँग्रेसमध्ये गेले, उमेदवार झाले, आणि मतदानाच्या आदल्या दिवशी त्या पक्षाने त्यांच्या डोक्यावरचा आपला हात काढून घेतला. पक्षाचे चिन्हच हात असल्यामुळे त्या दिवशी नागपुरात विनोदांना तोटा नव्हता. परंतु हसणे ओसरल्यावर जो प्रश्न उरतो तो गंभीर आहे. अवघ्या नागपूर जिल्ह्याचा म्हणून सहा वर्षांसाठी जो आमदार विधिमंडळात जातो, त्याची निवड साडेपाचशे माणसांत आटोपते. या साडेपाचशेंनी कोणाला आणि का मत दिले हे उर्वरित जिल्ह्याला कधी कळत नाही, आणि कळावे अशी कायद्याची अपेक्षाही नाही.

त्याच दिवशी अकोला-बुलडाणा-वाशीम मतदारसंघाचा निकाल लागला. तेथे भाजपचे वसंत खंडेलवाल यांना ४४३ आणि शिवसेनेचे गोपीकिशन बाजोरिया यांना ३३४ मते पडली. बाजोरिया या जागेवरून सलग तीन वेळा निवडून आलेले. कागदावरील संख्याबळ महाविकास आघाडीच्या बाजूचे होते, म्हणजेच आघाडीची मते मोठ्या प्रमाणात फुटली. त्या फेरीतील उरलेल्या चार जागांवर तर मतदानाची वेळच आली नाही. मुंबईच्या दोन जागा शिवसेना आणि भाजप यांना एकेक अशा बिनविरोध मिळाल्या. कोल्हापुरात काँग्रेसचे सतेज पाटील यांचा मार्ग मोकळा झाला, धुळे-नंदुरबारमध्ये भाजपचे अमरीश पटेल यांचा. एकमेकांवर विधानसभेत तुटून पडणाऱ्या पक्षांना जिल्ह्याच्या या निवडणुकीत इतका समजूतदारपणा कोठून सुचतो, हे कोडे सोडविण्यास फार बुद्धी लागत नाही. लढत झाली तर खर्च दोघांचाही होतो.

महाराष्ट्राच्या विधान परिषदेत ७८ सदस्य. त्यांपैकी तीस जणांना विधानसभेचे आमदार निवडतात, सात पदवीधरांकडून येतात, सात शिक्षकांकडून, बारा राज्यपालनियुक्त असतात, आणि बावीस जागा महापालिका, नगरपरिषदा, नगरपंचायती व जिल्हा परिषदा यांच्या सदस्यांच्या मतांवर भरल्या जातात. घटनेच्या १७१ व्या अनुच्छेदाने स्थानिक संस्थांना या सभागृहात जवळजवळ एक-तृतीयांश वाटा दिला, त्यामागे विचार होता. विधानसभा लोकसंख्येच्या प्रमाणात निवडली जाते. तेथे माणूस मोजला जातो. परिषदेत गावाचा, नगराचा, जिल्ह्याचा कारभार पाहणारी मंडळी आपला अनुभव पाठवतील, राज्याने कायदे करताना खालच्या पायरीवरील अडचण ऐकावी लागेल, अशी ती योजना. विद्वान, शिक्षक आणि कलावंत यांच्या जोडीला पाणीपट्टी, गटारे आणि प्राथमिक शाळा यांचा हिशेब ठेवणारा माणूस बसावा, ही कल्पना मुळात उत्तम आहे. तिची दुर्दशा का झाली, हाच खरा विचाराचा विषय होय.

या सभागृहाचा पूर्वेतिहास उजळ आहे. वि. स. पागे १९६० ते १९७८ अशी अठरा वर्षे परिषदेचे सभापती होते. रोजगार हमी योजनेचे ते जनक. महाराष्ट्राने १९७७ साली त्या योजनेचा कायदा केला आणि देशाला तसा कायदा करावयास २००५ साल उजाडले. ग. दि. माडगूळकर येथे सदस्य होते. प्रा. एन. डी. पाटील यांनी येथे अठरा वर्षे सरकारला धारेवर धरले. जयंतराव टिळक, ना. स. फरांदे यांच्यासारखे सभापती या सभागृहाने पाहिले. नितीन गडकरी १९८९ मध्ये नागपूरच्या पदवीधरांचे प्रतिनिधी म्हणून येथे आले आणि विरोधी पक्षनेते झाले. परिषद म्हणजे पराभूतांचे वसतिस्थान, असे हल्ली सर्रास म्हटले जाते. ते सर्वस्वी खोटे नाही, पण सभागृहाचा दोष आणि तेथे माणसे पाठविणाऱ्या पक्षांचा दोष यांत गल्लत होऊ नये.

आता स्थानिक मतदारसंघांकडे पाहावे. मतदार नगरसेवक किंवा जिल्हा परिषद सदस्य. संख्या काही शेकड्यांत. मतदान गुप्त, पसंतीक्रमाने, आणि आयोगाने दिलेल्या जांभळ्या पेनानेच. दुसरे पेन वापरले तर मत बाद. प्रत्येक मतदाराचे नाव, गाव, पक्ष, कर्ज, नातीगोती उमेदवाराला ठाऊक असतात. आणि या सर्वांवर कळस म्हणजे उमेदवाराच्या खर्चाला कायद्याने मर्यादाच नाही. लोकसभेच्या उमेदवाराला मर्यादा आहे, विधानसभेच्या उमेदवाराला आहे (महाराष्ट्रात २०२२ पासून ती चाळीस लाख रुपये), नगरसेवकालाही आहे. पण त्याच नगरसेवकाचे मत मागणाऱ्या परिषदेच्या उमेदवाराला नाही. चाळीस लाखांचा हिशेब लाखो मतदारांमागे द्यायचा आणि चारशे मतदारांमागे किती खर्च केला हे कोणी विचारायचेही नाही. निवडणूक आयोगाने ही उणीव दाखवून मर्यादेची सूचना केलेली आहे. संसदेने ती मनावर घेतलेली नाही, आणि तसे करण्याची घाई कोणत्याही पक्षाने दाखविलेली नाही.

अशा रचनेत जे घडायचे तेच घडते. अर्ज मागे घेण्याची मुदत संपली की जिल्ह्यातून आरामबसगाड्या निघतात. नगरसेवक सहलीला जातात. कधी गोवा, कधी दक्षिणेतील एखादे थंड हवेचे ठिकाण, कधी जवळचेच एखादे फार्महाऊस. घरच्यांना सांगितले जाते की अभ्यासदौरा आहे. भ्रमणध्वनी काढून घेतले जातात, आणि मतदानाच्या दिवशी सकाळी सारी वरात थेट केंद्रावर उतरते. ज्या माणसाला आपल्या प्रभागाने विश्वासाने निवडून दिले, त्याच्यावर त्याचा स्वतःचा पक्ष आठ दिवसही विश्वास ठेवू शकत नाही, याहून केविलवाणे दृश्य ते कोणते? आणि विश्वास ठेवला नाही हेच बरे झाले, असे निकाल अनेकदा सांगतो. सहलीहून परतलेल्यांतही काहींची मते दुसऱ्या पेटीत निघतात. पसंतीच्या आकड्यांची मांडणी आधी ठरवून दिली तर गुप्त मतपत्रिकेवरूनही मत कोणाचे ते ओळखता येते. म्हणजे गुप्तता जनतेपुरती उरते. सौदा करणाऱ्याला ती बांधत नाही.

२०१६ सालचे उदाहरण बोलके आहे. त्या वर्षी १९ नोव्हेंबरला सहा जिल्हा-मतदारसंघांत मतदान झाले, नोटाबंदीला तेव्हा अकरा दिवस झाले होते. सांगली-साताऱ्यात मतदारांची संख्या पाहता राष्ट्रवादी काँग्रेसचे पारडे जड होते. निवडून आले काँग्रेसचे मोहनराव कदम. पाच वर्षांनी अकोल्यात तोच प्रकार उलट दिशेने घडला आणि लाभ भाजपला झाला. विजयाचे पेढे वाटताना कार्यकर्त्याला आनंद होणे स्वाभाविक आहे. परंतु सांगलीची फूट हा घोडेबाजार आणि अकोल्याची फूट हा विचारांचा विजय, अशी वाटणी करणाऱ्याला सामान्य माणूस मनातल्या मनात हसतो, हे कार्यकर्त्याने विसरू नये. अकोल्यातील नगरसेवक एका रात्रीत राष्ट्रीय विचाराचे झाले असतील तर ते पुढच्या पालिका निवडणुकीत त्या विचाराच्या झेंड्याखाली दिसावयास हवेत. असे किती दिसले?

येथे कोणी म्हणेल, मतदार थोडे म्हणून हा बाजार. संख्या वाढवा, बाजार आपोआप उठेल. या म्हणण्यात तथ्य आहे, पण अर्धेच. महाराष्ट्रात ग्रामपंचायत सदस्याला या निवडणुकीत मत नाही. राज्यात सुमारे अठ्ठावीस हजार ग्रामपंचायती, त्यांचे दोन लाखांहून अधिक सदस्य. आणि ग्रामस्वराज्याचे गोडवे गाणाऱ्या राज्यात स्थानिक संस्थांच्या प्रतिनिधीच्या निवडीत गावालाच स्थान नाही. शेजारच्या कर्नाटकात आहे. तेथे ७५ सदस्यांच्या परिषदेत पंचवीस जागा स्थानिक संस्थांच्या, आणि ग्रामपंचायत सदस्य हाच तेथील मुख्य मतदार. डिसेंबर २०२१ मध्ये, म्हणजे नागपूर-अकोल्याच्याच दिवसांत, त्या पंचवीस जागांसाठी मतदान झाले तेव्हा मतदारांची संख्या लाखाच्या घरात होती. भाजप आणि काँग्रेस यांना अकरा-अकरा जागा मिळाल्या, जनता दलाला दोन. बेळगावच्या दोन जागांपैकी एक काँग्रेसने घेतली आणि दुसरी अपक्ष लखन जारकीहोळी यांनी. भाजपचे महांतेश कवटगीमठ पराभूत झाले. तेव्हा कर्नाटकात सत्ता भाजपची होती हे लक्षात घेतले म्हणजे, मतदार मोठा असला की सत्ताधाऱ्याला निकाल खिशात घालून फिरता येत नाही, एवढे तरी मान्य करावे लागते. तेथे पैसा वाहिला नाही असे मात्र बेळगावचा माणूसही म्हणणार नाही.

उत्तर प्रदेश याच्या उलट साक्ष देतो. तेथेही मतदार मोठा आहे. ग्रामप्रधान आणि क्षेत्र पंचायतींचे सदस्य मत देतात. तरीही २०१६ मध्ये सत्तेवरील समाजवादी पक्षाने ३६ पैकी ३१ जागा जिंकल्या, आणि एप्रिल २०२२ मध्ये सत्तेवरील भाजपने ३३. त्यांतील नऊ बिनविरोध. समाजवादी पक्षाला २०२२ मध्ये भोपळाही फोडता आला नाही. सहा वर्षांत गावोगावचे प्रधान विचाराने इतके पालटले, असे मानण्याइतके कोणी भोळे नसावे. प्रधानाची नजर असते निधीवर, निधी असतो सरकारच्या हाती, आणि सरकारची नाराजी ओढवून घेण्याइतके बळ पंचायतीत नसते. त्या लाटेतही वाराणसीची जागा भाजपने गमावली. तेथे अपक्ष अन्नपूर्णा सिंह निवडून आल्या. त्या ब्रिजेश सिंह यांच्या पत्नी. पंतप्रधानांच्या मतदारसंघाचा जिल्हा, राज्यात प्रचंड बहुमताची सत्ता, आणि स्थानिक संस्थांचा कौल बाहुबळाच्या वारशाला. ज्याला ही निवडणूक समजून घ्यावयाची आहे त्याने दिल्ली-लखनौच्या बातम्या बाजूला ठेवून वाराणसीच्या या एका निकालावर दोन घटका विचार करावा.

मतदारांची संख्या वाढविणे म्हणूनच आवश्यक आहे, पुरेसे नाही. मताचा जाब विचारता येणे हे दुसरे, आणि अधिक महत्त्वाचे. राज्यसभेच्या निवडणुकीत २००३ पासून खुले मतदान आहे. अटलजींच्या सरकारने तो कायदा केला आणि सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली कुलदीप नय्यर खटल्यात तो उचलून धरला. आमदाराने आपली मतपत्रिका पक्षाच्या अधिकृत प्रतिनिधीला दाखवावयाची. विधान परिषदेला मात्र हा नियम लागू नाही. ना आमदारांच्या मतांवरील जागांना, ना स्थानिक संस्थांच्या. त्याची फळे मुंबईने दोनदा पाहिली. २० जून २०२२ रोजी दहा जागांसाठी मतदान झाले, भाजपचे पाचही उमेदवार निवडून आले, काँग्रेसचे चंद्रकांत हंडोरे पडले, आणि त्या रात्रीपासून राज्यात जे सुरू झाले ते सर्वांना स्मरते. पुढे १२ जुलै २०२४ रोजी अकरा जागांसाठी बारा उमेदवार उभे राहिले, महायुतीचे नऊही आले आणि शेतकरी कामगार पक्षाचे जयंत पाटील पराभूत झाले. काँग्रेसची मते फुटली हे साऱ्यांनी मान्य केले. कोणाची फुटली याची चर्चा झाली, नावे कुजबुजली गेली, पण मतदाराच्या हाती ठोस काही लागले नाही.

खुल्या मतदानाने माणूस प्रामाणिक होतो, असा दावा कोणी करू नये. फेब्रुवारी २०२४ मध्ये हिमाचल प्रदेशात राज्यसभेच्या खुल्या मतदानातच काँग्रेसच्या सहा आमदारांनी भाजपचे हर्ष महाजन यांना मते दिली. मते समसमान झाली आणि चिठ्ठी टाकून महाजन विजयी झाले. परंतु पुढे काय झाले ते पाहावे. ते सहाही जण पक्षादेश मोडून अर्थसंकल्पाच्या वेळी गैरहजर राहिले म्हणून अपात्र ठरले, भाजपच्या उमेदवारीवर पुन्हा लोकांसमोर गेले, आणि जूनमध्ये त्यांपैकी चार पडले, दोन निवडून आले. मतदाराने प्रत्येकाचा वेगळा निवाडा केला. तसे करता आले, कारण कोणी काय केले हे त्याला माहीत होते. अकोल्यात किंवा सांगलीत ज्या नगरसेवकांनी पक्षाला पाठ दाखविली त्यांचा असा निवाडा कोणी करावा? त्यांच्या प्रभागातील मतदाराला ते कोण हेच ठाऊक नाही. यात एक आक्षेप रास्त आहे: खुल्या मतदानाने नगरसेवक पक्षश्रेष्ठींच्या मुठीत जाईल. जाईल खरा. परंतु ज्या चिन्हावर तो निवडून आला त्या चिन्हाशी बांधील राहणे आणि ज्याने सहलीचे भाडे भरले त्याच्याशी बांधील राहणे, यांत निवड करावयाची झाल्यास पहिली बांधिलकी निदान उघड तरी आहे.

हे झाले मतदान होते तेव्हाचे. गेल्या काही वर्षांत महाराष्ट्राने त्याहून विचित्र अवस्था अनुभवली: मतदारच नाहीत म्हणून आमदार नाही. आयोगाचा दंडक असा की, मतदारसंघातील किमान पंचाहत्तर टक्के स्थानिक संस्था कार्यरत आणि पंचाहत्तर टक्के मतदार अस्तित्वात असल्याखेरीज ही निवडणूक घ्यावयाची नाही. औरंगाबाद, नवी मुंबई, कोल्हापूर या महापालिकांची मुदत २०२० मध्येच संपली. २०२२ च्या मार्चमध्ये मुंबई-पुण्यासह अनेक महापालिकांची आणि जिल्हा परिषदांची संपली. आरक्षणाचा वाद न्यायालयात गेला, प्रभागरचनेचे घोळ झाले, आणि सर्वत्र प्रशासक बसले. सोलापूर आणि अहमदनगरच्या जागा जानेवारी २०२२ मध्ये रिकाम्या झाल्या त्या झाल्याच. मागोमाग ठाणे, पुणे, सांगली-सातारा, नांदेड, यवतमाळ, जळगाव, भंडारा-गोंदिया; २०२४ मध्ये नाशिक, अमरावती, परभणी-हिंगोली, उस्मानाबाद-लातूर-बीड, वर्धा-चंद्रपूर-गडचिरोली आणि कोकणातील तीन जिल्ह्यांची मिळून असलेली जागा. २०२५ च्या ऑगस्टअखेर औरंगाबाद-जालना येथून आलेले अंबादास दानवे निवृत्त झाले, तेव्हा मुदत संपून रिकाम्या पडलेल्या जागा सोळा झाल्या होत्या. बावनकुळे विधानसभेवर गेल्याने नागपूरची जागा रिकामी होती ती वेगळीच. बावीसपैकी सतरा!

त्यात राज्यपालनियुक्त बारा जागांचा तिढा. जून २०२० पासून त्या रिकाम्या होत्या. दोन्ही बाजूंची सरकारे येऊन गेली, आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये त्यांतील सात भरल्या गेल्या. त्याआधी काही महिने ७८ पैकी २७ जागांवर कोणी नव्हते. सभापतिपदही जुलै २०२२ पासून डिसेंबर २०२४ पर्यंत रिक्त राहिले आणि उपसभापतींनी काम चालविले. सभागृह भरत होते, विधेयके संमत होत होती, चहापान होत होते. तिसरा हिस्सा सदस्य नसल्याने काही अडले असे कोणाला वाटले नाही. परिषद बरखास्त करा म्हणणाऱ्यांना याहून चांगला पुरावा कोणी द्यावा?

तरीही बरखास्तीची भाषा टाकाऊच मानावी लागेल. पश्चिम बंगालने १९६९ साली वरिष्ठ सभागृह बंद केले, तामिळनाडूने १९८६ साली. तेथील सार्वजनिक जीवन त्यामुळे शुद्ध झाल्याचे दिसत नाही. आंध्रने १९८५ साली परिषद बंद केली, २००७ साली पुन्हा आणली, २०२० साली तेथील विधानसभेने ती पुन्हा बंद करण्याचा ठराव केला आणि पुढच्याच वर्षी तो मागे घेतला. सभागृह म्हणजे पावसाळी छत्री नव्हे. आणि त्या सतरा रिकाम्या खुर्च्यांनी काही अडले नाही हेही खरे नाही. मुंबईसारख्या महानगराचा अर्थसंकल्प सलग वर्षे लोकप्रतिनिधींच्या चर्चेविना मंजूर झाला. पंधराव्या वित्त आयोगाच्या अनुदानासाठी लोकनियुक्त स्थानिक संस्था असणे ही अट होती, आणि ती संस्थाच नव्हती. जकात गेली, स्थानिक संस्था कर गेला, पालिकांचे उत्पन्नाचे स्वतःचे साधन मालमत्ताकरापुरते उरले आणि भरपाईसाठी हात राज्यापुढे पसरावा लागला. या प्रत्येक प्रश्नावर स्थानिक संस्थांच्या बावीस प्रतिनिधींनी एकमुखाने उभे राहावयास हवे होते. नेमके तेच आसन रिकामे. आणि जेव्हा ते भरलेले होते तेव्हा तरी यांपैकी कोणी, पक्ष विसरून, स्थानिक संस्थांचा म्हणून आवाज कितपत उठविला? चारशे जणांची सोय लावून आलेला माणूस निवडून येताच त्या चारशेंचे देणे फिटले असे समजतो, आणि उरलेल्या जिल्ह्याचे त्याने कधी घेतलेलेच नसते.

मध्यमवर्गीय वाचकाला हे सारे दूरचे वाटेल. नगरसेवकांचा बाजार, आपल्याला काय त्याचे! पण याच सभागृहात त्याचे स्वतःचे मतदारसंघ आहेत आणि तेथे त्याने काय केले तेही पाहिले पाहिजे. पदवीधरांची मतदारयादी दर निवडणुकीला नव्याने होते. जुने नाव आपोआप पुढे येत नाही. अर्ज भरावा लागतो, पदवीच्या प्रमाणपत्राची प्रत जोडावी लागते. पुणे पदवीधर मतदारसंघात २०२० साली चार लाखांहून अधिक मतदार नोंदले गेले, ही मोठी संख्या खरी. पण पुणे, सातारा, सांगली, सोलापूर, कोल्हापूर या पाच जिल्ह्यांत पदवीधर चारच लाख आहेत काय? त्या निवडणुकीत भाजपने पुणे आणि नागपूर या दोन्ही पदवीधर जागा गमावल्या. नागपूरची जागा तर जनसंघाच्या काळापासून परंपरेने आपली समजली जाणारी, गंगाधरराव फडणवीस आणि नितीन गडकरी यांनी सांभाळलेली. तेथे काँग्रेसचे अभिजित वंजारी निवडून आले. जानेवारी २०२३ मध्ये अमरावती पदवीधर आणि नागपूर शिक्षक या जागाही गेल्या. जिथे मतदार हजारो-लाखोंचा आहे, सुशिक्षित आहे आणि सहलीला नेता येत नाही, तिथे हात रिकामे. आणि जिथे काही शेकड्यांचा हिशेब जमविता येतो तिथे यश, ही बाब ज्यांना संघटन म्हणजे घरोघर जाणे असे शिकविले गेले त्यांनी अस्वस्थ होऊन तपासावी अशी आहे. मतदारनोंदणीचे अर्ज घेऊन जिने चढणारा कार्यकर्ता आता कमी झाला काय?

रामभाऊ म्हाळगी आमदार असताना आपल्या कामाचा वार्षिक अहवाल छापून मतदारांपुढे ठेवीत. साधनांची सुबत्ता नव्हती, प्रसिद्धीखाते नव्हते. प्रश्न किती विचारले, कोणत्या कामाचा पाठपुरावा कोठवर आला, याचा तो हिशेब असे. स्थानिक प्राधिकारी मतदारसंघातून निवडून येणाऱ्या सदस्याला असा अहवाल देणे किती सोपे! त्याचे मतदार काही शेकडे, त्यांचे पत्ते हाताशी. वर्षातून एकदा नगरपरिषदेच्या सभागृहात जाऊन, जिल्हा परिषदेच्या सर्वसाधारण सभेत बसून, राज्याकडे तुमचे अमुक मांडले, अमुक मिळाले, अमुक अडले, एवढे सांगावयाचे. उमेदवारी देतानाच पक्षाने ही अट घातली आणि पाळली नाही तर दुसऱ्यांदा नाव पुढे केले नाही, तर त्याला संसदेच्या कायद्याची गरज नाही, घटनादुरुस्तीचीही नाही. सहलीच्या गाड्या न काढण्यालाही कोणाची परवानगी लागत नाही. एखादी जागा त्यामुळे हातची जाईल. चारशे मतांची एक जागा जाऊ देण्याची तयारी नसलेल्या पक्षाने साधनशुचितेवरची व्याख्याने अभ्यासवर्गातून काढून टाकावीत, हे अधिक सरळ होईल.

न्यायालयाने मे २०२५ मध्ये बजावल्यानंतर आणि पुढे मुदत वाढवून दिल्यानंतर अखेर महाराष्ट्रात स्थानिक निवडणुकांचे घोडे गंगेत न्हाऊ लागले. २ डिसेंबर २०२५ रोजी नगरपरिषदा आणि नगरपंचायतींचे मतदान झाले, काही ठिकाणी ते २० डिसेंबरला घ्यावे लागले. १५ जानेवारी २०२६ रोजी २९ महापालिकांचे झाले. आरक्षणाच्या पन्नास टक्क्यांच्या मर्यादेने काही जिल्हा परिषदांचा प्रश्न अधिक लांबविला. नवे नगरसेवक आले, म्हणजे परिषदेचा मतदार पुन्हा अस्तित्वात आला. यांतील अनेकजण पहिल्यांदाच निवडून आलेले आहेत, निम्म्या महिला आहेत. पक्षाचा जिल्हाध्यक्ष ज्या दिवशी त्यांना बॅग भरावयास सांगेल, त्या दिवशी त्यांच्यापैकी किती जण नकार देतील हे सांगता येत नाही. पण एखाद्या नगरसेविकेने घरूनच मतदानाला जाईन असे म्हटले, तर तिच्या पाठीशी उभे राहावयाचे की तिच्या नावापुढे खूण करावयाची, हे त्या गावच्या कार्यकर्त्यांना ठरवावे लागेल.

मुंबई, कोल्हापूर, धुळे-नंदुरबार आणि अकोला या २०२१ साली भरलेल्या जागांची मुदत जानेवारी २०२८ मध्ये संपते. ग्रामपंचायतींना मताधिकार देण्यासाठी १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत महाराष्ट्राच्या नावापुढे एक ओळ वाढवावी लागते, खुल्या मतदानासाठी १९५१ च्या कायद्याच्या ५९ व्या कलमात थोडी भर घालावी लागते, आणि खर्चाच्या मर्यादेसाठी त्याच १९५१ च्या कायद्यात एक दुरुस्ती. राज्याच्या विधिमंडळाने यांची मागणी करणारा ठराव करावा आणि महाराष्ट्राच्या खासदारांनी तो दिल्लीत लावून धरावा. परिषदेतील सदस्यांनीच तो मांडला तर अधिक शोभेल.